श्वसनमार्गाचा संसर्ग आणि बालकांची भूल

सर्दी, खोकला किंवा श्वसनमार्गाचा अन्य संसर्ग झालेल्या अथवा त्यातून नुकत्याच बऱ्या झालेल्या मुलास शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिल्यास भुलेच्या काळात व त्यानंतर श्वसनविषयक गुंतागुंत होण्याचा धोका वाढतो. हा धोका ओळखणे, शस्त्रक्रिया पुढे ढकलावी की नाही हे ठरवणे आणि भूल देताना तो कमी करणे, हा बालभूलशास्त्राचा एक महत्त्वाचा भाग आहे. लहान मुलांना वर्षातून साधारणतः सहा ते आठ वेळा सर्दी होते. त्यामुळे ठरलेल्या दिवशी मूल सर्दी घेऊनच रुग्णालयात येणे ही नित्याची बाब आहे.

पूर्वी अशा प्रत्येक मुलाची शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती. १९८०च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांमुळे ही भूमिका बदलली. सध्या संसर्गाची तीव्रता, त्याला झालेले दिवस, मुलाचे वय, दम्याचा इतिहास आणि शस्त्रक्रियेचा प्रकार यांचा एकत्रित विचार करून निर्णय घेतला जातो. नांदेड व लातूरसारख्या जिल्ह्यांत, जेथे शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या कुटुंबांना दूरचा प्रवास व बुडणारी मजुरी सोसावी लागते, तेथे या निर्णयास वैद्यकीय बाजूबरोबरच सामाजिक बाजूही असते.

गुंतागुंतीचे प्रकार

भुलेच्या काळातील श्वसनविषयक गुंतागुंतीमध्ये पुढील घटनांचा समावेश होतो.

स्वरतंतू घट्ट मिटून श्वासमार्ग बंद होणे, यास लॅरिंगोस्पाझम म्हणतात. थुंकी, रक्त किंवा एखादे उपकरण यांच्या स्पर्शाने हा प्रतिक्षेप चाळवला जातो. तो वेळीच सुटला नाही तर काही क्षणांतच रक्तातील प्राणवायू घटतो आणि हृदयाची गती मंदावते.

फुप्फुसांतील लहान श्वासनलिका आकुंचन पावणे, यास ब्रॉंकोस्पाझम म्हणतात. त्यात दम्याच्या झटक्याप्रमाणे घरघर ऐकू येते व फुप्फुसांत हवा भरणे कठीण होते.

याखेरीज सततचा तीव्र खोकला, श्वास रोखून धरणे, श्वासमार्गात अडथळा येणे, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटणे आणि शस्त्रक्रियेनंतर घशातून कर्कश आवाज येणे याही घटना आढळतात. यांपैकी बहुतेक घटना वेळीच लक्षात आल्यास आटोक्यात येतात व मुलास कायमची इजा होत नाही. मात्र प्रशिक्षित मनुष्यबळ, प्राणवायू किंवा आवश्यक औषधे हाताशी नसल्यास त्या जीवघेण्या ठरू शकतात.

कारणे

विषाणुसंसर्गामुळे श्वसनमार्गाच्या अस्तराला सूज येते, स्राव वाढतो आणि अस्तराखालील चेतातंतू उघडे पडून अधिक संवेदनशील बनतात. व्हेगस या चेतेच्या टोकांवर एम-२ नावाचे ग्राही असतात. ते ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या स्रवणास लगाम घालतात. विषाणुसंसर्गात या ग्राहींचे कार्य बिघडते, ॲसिटिलकोलीन अधिक प्रमाणात स्रवते आणि किरकोळ उत्तेजनानेही श्वासनलिका आकुंचन पावतात. नाक वाहणे थांबले, ताप उतरला, तरी ही अतिसंवेदनशीलता साधारणतः दोन ते सहा आठवडे टिकून राहते. म्हणूनच वरवर पूर्ण बरे दिसणारे मूलही भुलेच्या दृष्टीने काही काळ जोखमीचे असते.

लहान वयात शरीररचनेमुळे ही अडचण वाढते. श्वासमार्ग जितका अरुंद, तितका सुजेचा परिणाम मोठा असतो. ४ मिलिमीटर व्यासाच्या श्वासमार्गात सर्व बाजूंनी १ मिलिमीटर सूज आल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७५ टक्क्यांनी घटते आणि संथ प्रवाहातील हवेला होणारा विरोध सुमारे १६ पट होतो. ८ मिलिमीटर व्यासाच्या श्वासमार्गात तेवढ्याच सुजेने क्षेत्रफळ सुमारे ४४ टक्क्यांनी घटते व विरोध सुमारे तिप्पट होतो. तान्ह्या बाळाची वजनाच्या प्रमाणात प्राणवायूची गरज प्रौढाच्या सुमारे दुप्पट असते, तर फुप्फुसांतील हवेचा राखीव साठा भुलेमध्ये लवकर संपतो. परिणामी श्वास थांबल्यास बाळाच्या रक्तातील प्राणवायू प्रौढापेक्षा फार लवकर घसरतो.

धोका वाढवणारे घटक

अमेरिकेतील मिशिगन येथील ॲलन टेट व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १,०७८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाच वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत नळी घालणे, मुदतपूर्व जन्म, दम्याची प्रवृत्ती, पालकांचे धूम्रपान, श्वसनमार्गावरील शस्त्रक्रिया, भरपूर स्राव आणि चोंदलेले नाक हे धोक्याचे घटक आढळले.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील बालरुग्णालयात ९,२९७ मुलांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात किरकोळ व गंभीर अशा सर्व प्रकारांची मिळून १५ टक्के मुलांमध्ये श्वसनविषयक गुंतागुंत नोंदवली गेली. भुलेच्या वेळी सर्दीची लक्षणे असणाऱ्या किंवा मागील दोन आठवड्यांत सर्दी झालेल्या मुलांमध्ये धोका सुमारे दुप्पट होता. दोन ते चार आठवड्यांपूर्वी सर्दी होऊन गेलेल्या मुलांमध्ये तो वाढलेला आढळला नाही. रात्रीचा कोरडा खोकला, खेळताना होणारी घरघर, वर्षात तीनपेक्षा अधिक वेळा झालेली घरघर आणि इसब यांचा इतिहास, तसेच घरातील किमान दोन व्यक्तींना दमा किंवा ॲलर्जी असणे अथवा धूम्रपानाची सवय असणे, यांमुळेही धोका वाढत होता.

युरोपातील ३३ देशांमधील २६१ रुग्णालयांत झालेल्या ‘ॲप्रिकॉट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ३० हजारांहून अधिक मुलांचा समावेश होता व केवळ गंभीर घटनांची नोंद करण्यात आली. गंभीर श्वसनविषयक घटनांचे प्रमाण ३.१ टक्के होते. मुलाचे वय जितके कमी, तितका धोका अधिक आढळला, तर भूल देणाऱ्या चमूचा अनुभव जितका जास्त, तितका तो कमी आढळला.

शस्त्रक्रियेपूर्वीचे मूल्यमापन

मूल्यमापनाचा पाया म्हणजे पालकांकडून मिळणारी माहिती व मुलाची प्रत्यक्ष तपासणी. सर्दी कधी सुरू झाली, ताप आला होता का, खोकला कोरडा आहे की कफाचा, रात्री झोपेत घोरणे किंवा घरघर होते का, मूल नेहमीप्रमाणे खाते-खेळते का, यापूर्वी ‘वाफ’ म्हणजे नेब्युलायझरद्वारे औषध द्यावे लागले होते का, घरात कोणाला दमा आहे का आणि घरात कोणी विडी-सिगारेट ओढते का, हे प्रश्न विचारले जातात. स्टेथोस्कोपने छाती ऐकली जाते व पल्स ऑक्सिमीटरने रक्तातील प्राणवायू मोजला जातो. साध्या सर्दीत छातीचा एक्स-रे किंवा रक्तचाचण्या यांचा निर्णयास सहसा उपयोग होत नाही. फुप्फुसांच्या संसर्गाची शंका असल्यास मात्र त्या केल्या जातात.

केवळ पाण्यासारखे नाक वाहत असलेले, ताप नसलेले आणि खेळकर मूल सौम्य गटात मोडते. योग्य काळजी घेऊन त्याची शस्त्रक्रिया बहुधा करता येते. ३८ अंश सेल्सिअसहून अधिक ताप, कफाचा खोकला, छातीत घरघर, धाप, मलूलपणा किंवा पिवळट-हिरवा घट्ट शेंबूड असल्यास तातडीची नसलेली शस्त्रक्रिया सामान्यतः दोन ते चार आठवडे पुढे ढकलतात. न्यूमोनिया किंवा ब्रॉंकिओलायटिस झाला असल्यास हा काळ चार ते सहा आठवड्यांपर्यंत वाढवला जातो. या दोहोंच्या मधल्या मुलांविषयीचा निर्णय सर्वांत अवघड असतो.

या मधल्या गटासाठी ‘कोल्ड्स’ नावाची गुणपद्धती २०१४ मध्ये सुचवण्यात आली. तिच्यात सध्याची लक्षणे, संसर्ग सुरू झाल्याचा काळ, फुप्फुसाचा आजार, श्वासमार्गासाठी वापरायचे उपकरण आणि शस्त्रक्रियेचा प्रकार या पाच बाबींना प्रत्येकी १, २ किंवा ५ गुण दिले जातात. एकूण गुण ५ ते २५ यांदरम्यान येतात. उदाहरणार्थ, सौम्य सर्दी (२ गुण) दहा दिवसांपूर्वी सुरू झालेल्या (५), फुप्फुसाचा आजार नसलेल्या (१) मुलावर लॅरिंजियल मास्क वापरून (२) हर्नियाची शस्त्रक्रिया (१) करायची असल्यास ११ गुण होतात. त्याच मुलाच्या श्वासनलिकेत नळी घालून श्वसनमार्गावरील मोठी शस्त्रक्रिया करायची असल्यास गुण १८ होतात. सर्दी तीच असली तरी नियोजित शस्त्रक्रियेनुसार धोका बदलतो, हे यावरून स्पष्ट होते.

सर्दीसदृश अन्य स्थिती

दीर्घकाळ पाण्यासारखे नाक वाहणे, शिंका व डोळ्यांची खाज हे ॲलर्जीचे लक्षण असू शकते. ते संसर्गाइतके जोखमीचे नसते. याउलट, खाताना किंवा खेळताना एकाएकी ठसका लागून सुरू झालेला खोकला हा श्वासनलिकेत अडकलेल्या वस्तूचा असू शकतो. भारतात शेंगदाणा, हरभरा यांसारखे दाणे हे याचे प्रमुख कारण आहे. ताप नसताना छातीच्या एकाच बाजूला घरघर ऐकू येत असल्यास ही शंका घ्यावी लागते. अशा मुलाची ब्रॉंकोस्कोपी ‘आधी सर्दी बरी होऊ द्या’ या कारणासाठी लांबवता येत नाही. अडकलेल्या हर्नियाची शस्त्रक्रियाही याच प्रकारे तातडीची असते. तेथे शस्त्रक्रिया टाळण्याचा पर्याय नसल्याने धोका कमी करण्याच्या उपायांवर भर दिला जातो.

धोका कमी करण्याचे उपाय

भुलेपूर्वी

श्वासनलिका रुंदावणारे साल्ब्युटामॉल हे औषध भुलेपूर्वी स्पेसर लावलेल्या इनहेलरद्वारे दिल्यास गुंतागुंत कमी होऊ शकते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या आठ वर्षांपर्यंतच्या ४८४ मुलांवर पर्थ येथे चाचणी घेण्यात आली. २०१९ मधील तिच्या निष्कर्षांनुसार साल्ब्युटामॉल दिलेल्या गटात सुमारे २८ टक्के, तर औषधविरहित फवारा दिलेल्या गटात सुमारे ४८ टक्के मुलांना श्वसनविषयक गुंतागुंत झाली. हे औषध स्वस्त असून तालुका पातळीवरही उपलब्ध असते. दमा असलेल्या मुलाची नेहमीची औषधे शस्त्रक्रियेच्या दिवशीही चालू ठेवली जातात. स्राव आटवण्यासाठी ग्लायकोपायरोलेट देण्याची जुनी पद्धत होती, परंतु सर्दी असलेल्या मुलांमध्ये ते सरसकट दिल्याने फायदा झाल्याचे आढळले नाही.

भुलेची सुरुवात व औषधांची निवड

लहान मुलांना सुई टोचण्याचा त्रास नको म्हणून मास्कमधून सेव्होफ्लुरेन वायू हुंगवून भूल देण्याची पद्धत प्रचलित आहे. धोक्याचे घटक असलेल्या ३०० मुलांवरील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वायूने भूल सुरू केलेल्या गटात ४३ टक्के, तर शिरेतून प्रोपोफॉल देऊन सुरू केलेल्या गटात २६ टक्के मुलांना गुंतागुंत झाली. प्रोपोफॉल स्वरयंत्राचे प्रतिक्षेप दाबून टाकते, त्यामुळे सर्दी असलेल्या मुलात शक्य असल्यास आधी सलाईनची सुई लावणे पसंत केले जाते. त्वचा बधिर करणारे मलम आधी लावल्यास टोचण्याची वेदना कमी होते. डेसफ्लुरेन हा वायू श्वसनमार्गास क्षोभकारक असल्याने अशा मुलांत टाळला जातो. शिरेतून दिलेले लिग्नोकेन लॅरिंगोस्पाझमचे प्रमाण कमी करण्यास साहाय्यभूत ठरते.

श्वासमार्गाचे उपकरण

श्वासमार्गाशी छेडछाड जितकी कमी, तितकी गुंतागुंत कमी, हे सर्वसाधारण तत्त्व आहे. शक्य तेथे साधा मास्क, त्यानंतर लॅरिंजियल मास्क आणि आवश्यक असेल तेव्हाच श्वासनलिकेतील नळी असा क्रम मानला जातो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८१ तान्ह्या बाळांवरील चाचणीत नळी घातलेल्या गटात ५३ टक्के, तर लॅरिंजियल मास्क वापरलेल्या गटात १८ टक्के बाळांना गुंतागुंत झाली. मात्र टाळूची शस्त्रक्रिया, पोट भरलेले असणे किंवा पोटातील मोठी शस्त्रक्रिया अशा प्रसंगी नळी अपरिहार्य असते. कमरेखालील शस्त्रक्रियांत पाठीतून दिलेल्या बधिरतेची जोड दिल्यास पूर्ण भुलेच्या औषधांची मात्रा कमी ठेवता येते.

भूल उतरताना

घशातील स्राव मूल गाढ भुलेत असतानाच हळुवारपणे ओढून काढले जातात. अर्धवट भुलेत घशाला स्पर्श झाल्यास स्वरतंतू मिटण्याची शक्यता सर्वाधिक असते. नळी गाढ भुलेत काढावी की पूर्ण जाग आल्यावर, याविषयी मतभेद आहेत. पहिल्या पद्धतीत श्वासमार्गात अडथळा, तर दुसरीत खोकला अधिक आढळतो. त्यानंतर मुलास कुशीवर झोपवून, प्राणवायू देऊन, पूर्ण जाग येईपर्यंत पल्स ऑक्सिमीटर लावून निरीक्षणाखाली ठेवले जाते.

लॅरिंगोस्पाझम झाल्यास उत्तेजन थांबवणे, जबडा पुढे उचलणे, मास्कमधून दाबाने शंभर टक्के प्राणवायू देणे, आराम न पडल्यास प्रोपोफॉल देऊन भूल गाढ करणे आणि अखेरीस सक्सिनिलकोलीनने स्नायू शिथिल करणे असा क्रम अनुसरला जातो. त्यासाठी ही औषधे व ॲट्रोपिन आधीच मुलाच्या वजनानुसार सिरिंजमध्ये भरून तयार ठेवणे उपयुक्त असते.

नांदेड व लातूर येथील संदर्भ

नांदेड येथे १९८८ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाने ओळखले जाते. त्याचे रुग्णालय विष्णुपुरी येथे आहे. लातूर येथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व पुढे त्यास विलासराव देशमुख यांचे नाव देण्यात आले. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय या दोहोंपेक्षा जुने असून लातूरहून जवळ आहे. लातूरमधील प्लास्टिक शल्यचिकित्सक डॉ. विठ्ठल लहाने हे दुभंगलेले ओठ व टाळू यांवरील मोफत शस्त्रक्रियांसाठी परिचित आहेत.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाड्या व शाळांमध्ये जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. दुभंगलेला ओठ व टाळू, वाकडे पाय, जन्मजात हृदयरोग यांसारखे दोष आढळलेल्या मुलांना पुढील उपचारांसाठी पाठवले जाते. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेडचा समावेश होता. २०१७ पासून ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. अशा योजनांमुळे पूर्वी शस्त्रक्रियेविना राहणारी ग्रामीण भागातील मुले रुग्णालयापर्यंत पोहोचू लागली आणि त्यांच्यासोबत सर्दीचा प्रश्नही भूलतज्ज्ञांसमोर येऊ लागला.

पुढे ढकलण्याची किंमत

किनवट किंवा माहूर भागातून नांदेड शहरात येण्यासाठी शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. ‘सर्दी आहे, पंधरा दिवसांनी या’ असे सांगितल्यास येण्याजाण्याचा खर्च व सोबतच्या माणसांची मजुरी वाया जाते. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत अडचण अधिक मोठी आहे. गाळप हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. ऑक्टोबरात पुढे ढकललेली शस्त्रक्रिया त्यामुळे पंधरा दिवसांनी न होता पाच-सहा महिन्यांनी होण्याची शक्यता असते. या काळात मूल उसाच्या फडाजवळील कोपीत, थंडी, धूळ व धूर यांत राहते.

काही शस्त्रक्रियांना वयाचे बंधन असते. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी दहा आठवडे वय, दहा पौंड वजन व दहा ग्रॅम हिमोग्लोबिन हा ‘दहाचा नियम’ प्रचलित आहे. टाळूची शस्त्रक्रिया सामान्यतः वयाच्या नऊ ते अठरा महिन्यांदरम्यान केली जाते. ती फार लांबल्यास मुलाच्या उच्चारांवर परिणाम होतो. दुभंगलेल्या टाळूमुळे दूध नाकात येते, कान व नाक वारंवार बिघडतात आणि पूर्णपणे सर्दीमुक्त असा दिवस मिळणे कठीण होते. त्याच वेळी ही शस्त्रक्रिया श्वसनमार्गावरील व नळी घालून करायची असल्याने धोकाही अधिक असतो. अशा मुलांमध्ये त्या मुलाची नेहमीची स्थिती कोणती आणि ताजा संसर्ग कोणता, यांतील फरक ओळखणे महत्त्वाचे ठरते.

धूर व ऋतू

तंबाखूच्या धुराचा संपर्क हा भुलेतील धोक्याचा सिद्ध घटक आहे. चुलीच्या धुरामुळेही लहान मुलांमध्ये श्वसनसंसर्गाचे प्रमाण वाढते. मराठवाड्यातील खेड्यांत तुराट्या, पऱ्हाट्या व गोवऱ्या जळणासाठी वापरल्या जातात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर गॅसजोडण्या वाढल्या असल्या, तरी अनेक घरांत चूल व गॅस दोन्ही चालतात. त्यामुळे घरातील धूम्रपानाबरोबरच मूल स्वयंपाकाच्या वेळी चुलीजवळ असते का, हा प्रश्नही माहिती घेताना सयुक्तिक ठरतो. सर्दीच्या साथी पावसाळ्यात व हिवाळ्यात वाढतात. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियांची शिबिरे आखताना हा ऋतुक्रम व ऊसतोडीचा हंगाम या दोहोंचा विचार केल्यास ऐनवेळी परत पाठवाव्या लागणाऱ्या मुलांची संख्या कमी होऊ शकते.

पालकांची भूमिका

बराच काळ वाट पाहून मिळालेली तारीख हुकेल या भीतीने मुलाची सर्दी किंवा आदल्या रात्रीचा ताप सांगण्याचे टाळले जाण्याची शक्यता असते. तापाचे औषध देऊन आणलेले मूल तपासणीच्या वेळी सामान्य दिसू शकते. सर्दीची माहिती मिळाल्यास भूलतज्ज्ञ साल्ब्युटामॉल देणे, उपकरण बदलणे, अनुभवी सहकाऱ्यास बोलावणे असे उपाय योजू शकतात. ती न मिळाल्यास हे सर्व उपाय निरुपयोगी ठरतात. सर्दी सांगितली म्हणजे शस्त्रक्रिया रद्द होईलच असे नाही, हे पालकांना आधीच समजावून सांगणे म्हणूनच महत्त्वाचे असते. आशा कार्यकर्तीने निघण्याच्या आदल्या दिवशी दूरध्वनीवरून मुलाच्या प्रकृतीची चौकशी केल्यास तीव्र आजारी मुलाचा व्यर्थ प्रवास वाचू शकतो.

साधी सर्दी विषाणूंमुळे होत असल्याने प्रतिजैविकांनी ती लवकर बरी होत नाही. तान्ह्या बाळाच्या नाकात तेलाचे थेंब टाकण्याची प्रथा टाळणे इष्ट असते, कारण हे तेल फुप्फुसांत उतरल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. चोंदलेल्या नाकासाठी मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब सुरक्षित मानले जातात. शस्त्रक्रियेनंतर घरी गेल्यावर धाप लागणे, बरगड्या आत ओढल्या जाणे, ओठ निळसर पडणे किंवा मूल अंगावर न पिणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित रुग्णालयात नेणे आवश्यक असते.